लष्करातल्या एका रिव्हॉल्व्हरची अडकलेली कमान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजाच्या बाजूला, एका जुन्या मराठी घरात परवान्यावर असलेलं एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आहे. घरातली समजूत अशी की जून १८५८ मध्ये कोटा की सरायच्या लढाईत घराण्याच्या मूळपुरुषानं ते एका इंग्रज अधिकाऱ्याकडून हिसकावून घेतलं. जूनमधल्या बलिदान मेळ्याच्या सुमारास आपल्या मंडळाचं छोटं प्रदर्शन भरतं. त्यात हे शस्त्र मांडावं आणि खालच्या पाटीवर हाच मजकूर असावा, अशी घरच्यांची इच्छा होती. पुरावा म्हणून ते वरच्या पट्टीवरची अक्षरं दाखवत. त्यात 'ब्रिटिश' असा शब्द स्पष्ट कोरलेला आहे.

अडचण एकच होती. घोडा अर्धवट चढलेल्या स्थितीत अडकून बसलेला, धड पुढे जाईना की मागे येईना. आतली कमान कुठेतरी धरली होती. घरातल्या धाकट्या मंडळींनी मोबाइलवर व्हिडिओ बघून ती घरीच सोडवायचा बेत केला होता, स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा काढून ठेवला होता. मंडळात यंत्रातलं कळणारा म्हणून बोट माझ्याकडे वळतं, तसं याही वेळी वळलं. मी आधी दोन गोष्टी सांगितल्या. घोडा अर्ध्यावर आहे म्हणजे कमान दाबलेल्या अवस्थेत आहे, तिच्यात जोर साठलेला आहे. आणि दुसरं, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचंच काम आहे. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या, निकामी शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती 'दुरुस्ती करून किंवा न करता' वापरता येणार नाही अशा शस्त्रालाच. कमान अडकली म्हणून रिव्हॉल्व्हर निकामी ठरत नाही. ती सुटली की ते पुन्हा शस्त्रच. त्यामुळे पुढचं सगळं काम परवाना असलेल्या एका कारागिराच्या टेबलावर झालं. मी शेजारी भिंग आणि वही घेऊन बसलो होतो.

कमानीकडे वळण्याआधी थोडं शब्दांबद्दल, कारण मराठीत या विषयाची गंमत शब्दांतच आहे. बोटानं ओढायचा तो 'चाप' आणि आपटतो तो 'घोडा'. हल्ली वर्तमानपत्रं 'घोडा दाबला' असं लिहून दोन्हींची सरमिसळ करतात, ते सोडा. 'चाप' हा संस्कृत शब्द, मूळ अर्थ धनुष्य. 'कमान' फारसी, तिचाही मूळ अर्थ धनुष्य. घड्याळाची कमान, कुलपाची कमान, बंदुकीची कमान, केसांचा चाप, उंदराच्या सापळ्याचा चाप: जिथे जिथे वाकवलेला धातू परत सरळ व्हायला बघतो, तिथे मराठी माणसानं धनुष्याचंच नाव दिलं. इंजिनिअरच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. हातानं सावकाश दिलेली शक्ती साठवायची आणि एका क्षणात सोडायची, हेच धनुष्याचं काम आणि हेच कमानीचं. किती वाकवलं की किती जोर येतो याचा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये छापला, पण तीर कमठ्याला लावणाऱ्याच्या खांद्याला तो हजारो वर्षं ठाऊक होता.

तोड्याच्या बंदुकीला कमानीचं फारसं काम नव्हतं. चाप म्हणजे एक साधी तरफ. तो ओढला की जळता तोडा खाली कानावरच्या दारूत टेकायचा. मोडली तर गावचा लोहार नीट करून द्यायचा. चकमकीच्या बंदुकीत मात्र तीन कमानी आल्या: घोडा मारणारी मुख्य, चापाची खाच धरून ठेवणारी, आणि चकमकीच्या झाकणाला ताण देणारी. तिन्ही पोलादाच्या, तिन्हींना बरोबर पाणी द्यावं लागणार. आपल्याकडे तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही इतकी टिकून राहिली, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. लोक ते मागासलेपण म्हणतात. मला तर तो हिशेबी शहाणपणा वाटतो: जी गोष्ट गावात दुरुस्त होत नाही, ती लढाईवर न्यायची कशाला?

महादजी शिंद्यांच्या काळात हा प्रश्न कारखान्याच्या पातळीवर सोडवला गेला. द बॉयनच्या कंपूंसाठी आग्र्याला शस्त्रशाळा चालायची, ती सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली. तिथे तोफा ओतल्या जात आणि चकमकीच्या बंदुकाही बनत. त्याच फौजेतल्या नजीब पलटणींकडे मात्र संगीन लावलेल्या तोड्याच्या बंदुका होत्या. एकाच सैन्यात दोन्ही जाती सुखानं नांदत होत्या. पाटण आणि मेडत्याच्या १७९० च्या लढाया याच फौजेनं मारल्या. तेव्हा कमान घडवण्याची विद्या शिंदेशाहीच्या मुलुखात नवीन नव्हती, एवढं लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

आता १८५८. त्या वर्षी इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोणती रिव्हॉल्व्हरं होती, हे नीट माहीत आहे. अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टचं १८५१ सालचं 'नेव्ही', ज्याचा कारखाना त्यानं १८५३ ते १८५६ पर्यंत लंडनलाही चालवला. रॉबर्ट अ‍ॅडम्सचं १८५१ चं, आणि त्यात लेफ्टनंट बोमंटनं १८५५ मध्ये केलेली सुधारणा: घोडा अंगठ्यानंही चढवता येतो आणि नुसता चाप ओढूनही. शिवाय ट्रँटरची दोन चापांची जात. ही सगळी 'टोपीची'. म्हणजे सिलिंडरच्या प्रत्येक कोठ्यात समोरून दारू आणि गोळी ठासायची, मागच्या टोकावर तांब्याची छोटी टोपी बसवायची, घोडा त्या टोपीवर आपटतो. मागून काडतूस सरकवण्याची सोय यांत नाही.

जनकगंजातल्या रिव्हॉल्व्हरला उजव्या बाजूला छोटं झाकण आहे. ते उघडून मागून एकेक काडतूस भरायचं, मधोमध टोपी असलेलं पितळी काडतूस. सिलिंडरचा आस पोकळ आहे आणि रिकामी काडतुसं ढकलून काढायची सळई त्याच्या पोटात दडवलेली आहे. म्हणजे पहिल्याच नजरेला १८५८ अडचणीत येतं. पण घाई नको म्हणून मी स्वतःच घरच्यांच्या बाजूनं वाद घालून पाहिला. १८५८ च्या आधी मागून भरायची रिव्हॉल्व्हरं नव्हतीच का? होती. फ्रान्समध्ये लफोशेचं काडीच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर १८५४ पासून होतं आणि १८५८ मध्ये फ्रेंच आरमारानं ते घेतलंही. अमेरिकेत स्मिथ आणि वेसनचं इवलंसं पहिलं मॉडेल १८५७ चं. पण काडीच्या काडतुसाला कोठ्याच्या कडेला खाच लागते, ती इथे नाही. आणि स्मिथ-वेसनचं काडतूस कडेला ठोकायचं, तेही पाव इंचापेक्षा बारीक नळीचं. इथे नळीत करंगळी जाते. तेव्हा दोन्ही वाटा बंद.

ही जात कुठली, तेही त्या 'ब्रिटिश' शब्दानंच सांगितलं. पूर्ण अक्षरं 'ब्रिटिश बुल डॉग' अशी आहेत. 'डॉग'वर गंज आणि शेंदरासारखं काहीतरी चढलेलं होतं, त्यामुळे कुणाला वाचता आलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं १८७२ मध्ये अडीच इंची नळीचं, पाच गोळ्यांचं, कोटाच्या खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर या नावानं बाजारात आणलं. ते इतकं खपलं की बेल्जियम, फ्रान्स, स्पेन, अमेरिका, सगळीकडे नकला निघाल्या आणि नकलाकारांनी नावही उचललं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर जुलै १८८१ मध्ये याच जातीच्या रिव्हॉल्व्हरनं गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा 'ब्रिटिश' हा शब्द मालकाचं राष्ट्रीयत्व सांगत नाही, मालाचं नाव सांगतो. आपल्याकडे 'बंबई' हलवा ग्वाल्हेरात बनतो, तसंच.

आणि हे खुद्द इंग्लंडचंही नाही. सिलिंडरच्या मागच्या अंगाला अंडाकृती ठसा आहे, त्यात ई, एल, जी ही अक्षरं आणि वर मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराचा ठसा. अंडाकृती जुनीच, पण तिच्यावरचा मुकुट १८९३ मध्ये आला. म्हणजे ज्या दिवशी या सिलिंडरवर ठसा उमटला, त्या दिवशी राणी लक्ष्मीबाईंना जाऊन पस्तीस वर्षं तरी झाली होती.

एवढं कळायला कमान सोडवायची गरज नव्हती, हे खरंय. इथेच थांबलो असतो तर निकाल लागला असता, पण तो नुसता 'नाही' असा. हे शस्त्र १८५८ चं नाही, मग आहे काय? ते आतून बघितल्यावर कळलं, म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम कोठे बघण्याचं. घोडा अडकलेला असताना सिलिंडर फिरत नाही, त्यामुळे झाकणातून एकच कोठा दिसतो. कारागिरानं बारीक टॉर्चनं सिलिंडर आणि मागच्या पाठीच्या फटीतून बघितलं. काडतुसाची कड तिथून चमकते. पाचांपैकी एकातही नव्हती. समोरून नळीत आणि बाकी चार कोठ्यांत पितळी काडी घालून खोली मोजली, तीही रिकाम्या कोठ्याइतकीच आली. मगच त्यानं पेचकस हातात घेतला.

पेचांनी लगेच एक गोष्ट सांगितली. चौकटीचे पेच जवळजवळ कोरे, त्यांच्या खाचांच्या कडा धारदार. मुठीचे लाकडी गाल धरणाऱ्या एकाच पेचाची खाच मात्र दोन्ही बाजूंनी चघळल्यासारखी झालेली. म्हणजे हे शस्त्र पूर्ण कुणी खोललं नव्हतं, पण मूठ पुष्कळदा उघडली होती आणि तीही भलत्याच मापाच्या पेचकसानं. कशाला? ते नंतर.

मुठीचे गाल निघाले की या जातीत मुख्य कमान कडेनं उघडी दिसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पट्टी. तिचा एक पाय चौकटीला टेकलेला, दुसऱ्याच्या टोकाला आकडा, आणि त्या आकड्यातून एक छोटा दुवा घोड्याच्या बुडाशी जोडलेला. घोडा मागे ओढला की दुवा वरचा पाय ओढतो, व्ही मिटत जातो. आमच्यासमोरची व्ही अर्धी मिटलेली होती आणि तिच्याभोवती तपकिरी, काचेसारखा कडक थर होता. दुमडीच्या आतल्या कोपऱ्यात तर तो गच्च भरलेला. गंज होता, पण थोडा. धरून ठेवलं होतं ते या थरानं.

असल्या वेळी घरगुती दुरुस्ती कुठे चुकते तेही सांगतो, कारण व्हिडिओत ते कमी दाखवतात. लोक घोड्यावर हलकेच हातोडी मारतात. जुनी कमान दुमडीपाशी मोडते, कारण तिथेच सगळा ताण जमलेला असतो. किंवा मेणबत्तीनं, गॅसनं शेकतात. पोलादाला कमान बनवते ती उष्णताच: लाल तापवून तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, मग पुन्हा तीनशे अंशांच्या आसपास, पृष्ठभाग निळा होईपर्यंत तापवलं की लवचीकपणा येतो. या निळ्याच्या वर नेलं की तो स्वभाव उतरायला लागतो. आधीचा निळा कुणी किती काळजीनं आणला होता, ते ज्योतीला काय ठाऊक. कमान सुटते, पण कमान राहत नाही.

आमच्या कारागिरानं यातलं काही केलं नाही. व्हीच्या दोन्ही पायांवर चिमटा लावून ताण आपल्याकडे घेतला, म्हणजे काही निसटलंच तर उडून डोळ्यात जाणार नाही. मग पातळ तेल आणि रॉकेल ब्रशनं सोडून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी थर कडेनं मऊ झाला होता. बांबूच्या टोकदार काडीनं तो उचलायचा, पुसायचा, पुन्हा तेल. धातूचं टोक आत जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चिमटा अर्धा फेरा आवळताच दुवा आपला आपण आकड्यातून सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. घोडा बोटानं पुढे टेकवला आणि कमान टेबलावर आली.

ती मूळची नव्हती. लिएजच्या धंद्याची रीत अशी की सुटे भाग शहराभोवतीच्या खेड्यांत घरोघरी घडवले जात, कुणाकडे घोडे, कुणाकडे चाप, आणि जुळणी करताना एकाच शस्त्राचे भाग हरवू नयेत म्हणून प्रत्येकावर तीच खूण ठोकत. या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर, चापावर, झाकणावर एकच खूण आहे. कमानीवर ती नाही. शिवाय ती चौकटीच्या मानानं केसभर रुंद आहे, एका बाजूला भिंतीला घासल्याची चकाकी आहे. दुमडीच्या बाहेरच्या अंगाला हातोडीचे बारीक ठसे आहेत. म्हणजे केव्हातरी मूळ कमान मोडली आणि कुणीतरी ही हातानं घडवून बसवली.

आणि चांगली घडवली! पट्टीवर भिंग धरलं तर घासल्याच्या रेषा सगळ्या लांबीच्या दिशेनं जातात, आडवी रेघ एकही नाही. ज्याला कमान कळते तो शेवटचा हात असाच फिरवतो, कारण आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. दोन्ही पाय टोकाकडे सारखे निमुळते होत गेलेत, त्यामुळे वाकताना ताण एका जागी न बसता पसरतो. हे पुस्तकात मी विशीत शिकलो. ज्यानं ही कमान केली, त्याला ते हाताला शिकवलेलं होतं. शिकलगार असेल, घड्याळजी असेल. माधवराव महाराजांच्या अमदानीत इथे यंत्राला हात घालणाऱ्यांची वानवा नव्हती. दोन फुटी रेल्वे भिंड आणि शिवपुरीकडे धावत होती, राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी सिगार वाटत फिरत होती. पण असा माणूस एकाएकी उगवत नाही. वर आग्र्याच्या शस्त्रशाळेचा उल्लेख केला तो यासाठी. चकमकीच्या बंदुकीच्या कमानी ज्या हातांनी शंभर वर्षं घडवल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना बेल्जियमची कमान म्हणजे काही नवल नव्हतं. मी याला माझा तर्क म्हणतो, पण पोलादावरच्या रेषा तर्क नाहीत.

राहिला तो तपकिरी थर. भिंगाखाली त्यात लाल कण दिसले. गंजाचा लाल वेगळा, हा जरा किरमिजी. एका काचेवर थोडे कण घेऊन त्यावर लिंबाचा थेंब टाकला. बरेच कण पिवळे झाले. हळद आणि चुना यांपासून केलेलं कुंकू असंच वागतं: चुन्यानं लाल झालेली हळद आंबटात पुन्हा पिवळी होते. रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या आत, कमानीच्या दुमडीत, कुंकू!

घरातल्या आत्यांना विचारलं. त्या आता ऐंशीच्या पुढच्या. त्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच वाटलं नाही. "खंडेनवमीला आजोबा सगळी शस्त्रं काढायचे. तलवारी, कट्यार, आणि हे. नुसतं वरून गंध-फूल त्यांना चालायचं नाही. म्हणायचे, शस्त्राला आतूनही तेल लागलं पाहिजे. मूठ उघडून तिळाचं तेल घालायचे आणि मग कुंकवाचं बोट लावायचे." चघळलेल्या पेचाचा उलगडा झाला. तेलाचाही झाला. खोबरेल असतं तर ते ग्वाल्हेरच्या थंडीत गोठलं असतं आणि उन्हाळ्यात पुन्हा पातळ झालं असतं. जवसाचं असतं तर चार-दोन वर्षांतच रंगासारखं वाळलं असतं. तीळ या दोन्हींच्या मधला. हवा लागून हळूहळू दाटतो, चिकट होतो, आणि दर नवमीला त्यावर नवा हात बसला की खालचा थर काचेसारखा होत जातो. आजोबा गेल्यावर मूठ उघडणं थांबलं, पूजा वरूनच होऊ लागली. आतलं तेल निवांत वाळत राहिलं आणि एका दसऱ्याला कुणीतरी घोडा अर्धा चढवला तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दशमीला शमीपूजनासाठी मांढरेच्या मातेच्या टेकडीकडे जाताना आजोबा हे कमरेला लावायचे, असंही आत्या म्हणाल्या. गोळ्या त्यात कधीच नसायच्या.

आता सफाईचा प्रश्न आला आणि त्यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. कारागिराचं म्हणणं सरळ: थर पूर्ण काढा, नाहीतर त्याखाली गंज चालूच राहील. तेल-कुंकवाचा थर ओल धरतो, हे बरोबरच आहे. माझं म्हणणं होतं की या शस्त्राच्या अंगावर घराण्याचा खरा इतिहास कुठे असेल तर तो याच थरात आहे. तो धुऊन टाकला की हाती उरतं एक मामुली बेल्जियन रिव्हॉल्व्हर, जसली हजारोंनी बनली. शेवटी असं ठरलं: कमान, दुवा, घोड्याचं बूड आणि जिथे धातू धातूवर फिरतो त्या जागा स्वच्छ. मुठीच्या पोकळीतला, लाकडाच्या आतल्या बाजूचा थर तसाच. खरवडून निघालेलं सगळं एका काचेच्या बाटलीत, तारीख घालून. चघळलेला पेच बदलला नाही. हातानं केलेली कमान पुन्हा जागेवर बसवली, पण घोडा पुढे टेकलेला, तिच्यावर ताण जवळजवळ नाही. चाचणी म्हणून घोडा चढवून बघू का, असं कुणीतरी विचारलंच. नको म्हटलं.

पाटीचं काम यापेक्षा अवघड होतं. घरातले थोरले, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांना मी ठसा आणि मुकुट भिंगातून दाखवला. त्यांनी शांतपणे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचे पणजोबा तिथे नव्हते असं लिहिणार तुम्ही." मला हा प्रश्न अपेक्षित होता, कारण तो एकट्या नानांचा नाही, तो या शहरातल्या बऱ्याच मराठी घरांचा आहे. १८५८ मध्ये दरबार इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या चाकरीत असलेल्या घरांना स्वातंत्र्यानंतर हे जड जाऊ लागलं. भिंतीवर टांगलेलं एखादं शस्त्र मग साक्षीदार बनतं.

पण १ जूनला मोरारजवळ काय झालं, ते आठवा. जयाजीराव शिंदे तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांच्या फौजेसमोर उतरले आणि त्यांच्याच सैन्याचा मोठा भाग बंडवाल्यांना जाऊन मिळाला. महाराजांना आग्र्याला निघून जावं लागलं. १६ जूनला ह्यू रोझनं मोरार घेतलं, १७ तारखेला कोटा की सराय, १९-२० पर्यंत शहर आणि किल्ला. या वीस दिवसांत शिंद्यांच्या चाकरीतला एखादा मराठी शिलेदार राणीच्या बाजूनं लढला, ही गोष्ट मुळीच अशक्य नाही. उलट फौजेचा कल बघता शक्यच जास्त. रिव्हॉल्व्हर त्याचा पुरावा नाही, इतकंच. पणजोबांबद्दल ते काहीच बोलत नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. हे मी नानांना सांगितलं. ते पटलं की नाही, त्यांनी दाखवलं नाही. "मग पाटीवर पणजोबा नकोतच," एवढंच म्हणाले.

त्यामुळे पाटीवर पणजोबा नाहीत, आजोबा आहेत. मजकूर असा: 'बुल डॉग' जातीचं रिव्हॉल्व्हर, लिएज, बेल्जियम, १८९३ नंतरचं. मुख्य कमान नंतर हातानं घडवून बदललेली. घरच्या खंडेनवमीच्या पूजेतलं. शेजारी ती बाटली ठेवायची की नाही यावर मंडळात अजून एकमत नाही. मी ठेवा म्हणतो.

आत्यांच्या सांगण्यातून आणखी एक धागा निघाला आहे. त्यांच्या लहानपणी शेजारच्या दोन घरांतही 'असलंच आखूड' पिस्तूल पूजेत असायचं. इंदूर, बडोदा, बेळगाव इथल्या वाचकांच्या घरी परवान्यावर अशी आखूड नळीची, पाच कोठ्यांची रिव्हॉल्व्हरं असतील तर सिलिंडरच्या मागच्या अंगावरचा ठसा भिंगानं बघा: अंडाकृती आहे का, तिच्यावर मुकुट आहे की नाही. मुठीच्या पेचाची खाचही बघा. फोटो मंडळाकडे पाठवा. मूठ मात्र घरी उघडू नका, आणि घोडा अडकलेला असेल तर त्याला हात न लावता आधी परवानाधारक कारागीर गाठा.